जुन्या गाडीत मागच्या आसनांपर्यंत ऊब पोहोचत नसेल तर: दोष शोधण्याची क्रमवार रीत

नागपुरात गाडीच्या हिटरची आठवण वर्षातून जेमतेम सहा-सात आठवडे होते. एरवी आपले सगळे लक्ष एसीकडे आणि इंजिन तापते की काय याकडे असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की आपण गाडी थंड ठेवण्यासाठी जे जे सुचेल ते करून घेतो आणि डिसेंबर येईपर्यंत ते विसरूनही जातो. मग ज्या पहाटे पारा सात-आठ अंशांवर उतरतो, त्या पहाटे मागच्या रांगेत बसलेली मंडळी शाल ओढून घेतात. २०१८ च्या २९ डिसेंबरला तर नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत खाली गेले होते. गेल्या काही वर्षांत माझ्या स्वतःच्या आणि नात्यातल्या, शेजारच्या मिळून बऱ्याच जुन्या गाड्यांचे हिटर मी तपासले. त्यातून माझे मत असे झाले आहे की आपल्याकडे मागच्या हिटरचा दोष बहुधा मागे नसतोच. उन्हाळ्यात इंजिन थंड ठेवण्यासाठी केलेल्या एखाद्या कामात त्याचे मूळ सापडते. म्हणून शोधाची सुरुवात मागची आसने उघडण्यापासून न करता इंजिनापासून करावी.

माझी गाडी नऊ आसनांची, डिझेलवर चालणारी, २००४ सालची आणि दुसऱ्या मालकाकडून घेतलेली आहे. एका जानेवारीत पेंचच्या सिल्लारी फाटकावर सकाळच्या सफारीसाठी आम्ही पहाटेच निघालो. मनसर ओलांडेपर्यंत पुढे बसलेल्या आम्हा दोघांना कोमट हवा मिळत होती. मागे बसलेल्या आईच्या पायांशी मात्र पंख्याचा आवाज तेवढा होता, ऊब अजिबात नव्हती. त्या प्रवासात तिचे गुडघे इतके आखडले की जिप्सीत चढताना दोघांनी धरावे लागले. परत आल्यावर मी जो शोध घेतला, त्याचाच क्रम पुढे सुधारून मांडतो आहे.

गाडीत मागचा हिटर खरोखर आहे का?

हा प्रश्न अनावश्यक वाटेल, पण यावरच अनेकांचे पैसे वाया जातात. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या बहुआसनी गाड्यांमध्ये छताला किंवा बाजूच्या पॅनेलमध्ये जो मागचा ब्लोअर असतो, त्यात फक्त एसीची कूलिंग कॉइल असते. तो थंड हवा देतो किंवा आहे तीच हवा फिरवतो. गरम करणे त्याच्या रचनेतच नसते. अशा गाडीत मागे मिळणारी ऊब ही पुढच्याच हिटरची असते आणि ती पुढच्या आसनांखालून जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीतून येते. काही मोठ्या जीपगाड्यांत, व्हॅनमध्ये आणि मिनी बसमध्ये मात्र मागे वेगळी हिटर कॉइल असते आणि इंजिनातले गरम पाणी लांब पाइपांतून तिथपर्यंत नेलेले असते.

ओळखायची खूण सोपी आहे. गाडीखाली वाकून, इंजिनाकडून मागे जाणाऱ्या पाइपांच्या जोड्या पाहाव्यात. एसीच्या जोडीत एक पाइप बारीक आणि एक जाड असतो, कारण एकातून द्रव आणि दुसऱ्यातून वायू जातो. हिटरच्या जोडीतले दोन्ही पाइप सारख्याच जाडीचे, साधारण अंगठ्याएवढे असतात आणि त्यांची टोके रबरी होजला क्लिपने जोडलेली असतात. एसीचीच जोडी दिसली आणि सारख्या जाडीची जोडी कुठेच नसली, तर मागच्या ब्लोअरवर खर्च करू नये. अशा गाडीत फक्त पुढच्या हिटरची ताकद आणि आसनाखालची नळी या दोनच गोष्टी तपासायच्या असतात.

अंदाज नको, मोजमाप घ्या

स्वयंपाकघरात वापरतात तसा, टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि तो या कामाला पुरतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळाचे तापमान मोजणारी बंदूक इथे चालत नाही, कारण बहुतेक बंदुका शरीराच्या तापमानापलीकडचा आकडा दाखवतच नाहीत. कारखान्यात वापरतात तशी इन्फ्रारेड बंदूक असेल तर उत्तम. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आकडा दाखवते, म्हणून जिथे मोजायचे तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा.

गाडी वीस मिनिटे रस्त्यावर चालवावी, दोन्ही हिटर पूर्ण गरम स्थितीत आणि ब्लोअर मधल्या वेगावर ठेवावेत. मग सुरक्षित जागी थांबून चार आकडे लिहून घ्यावेत: पुढच्या झरोक्यातली हवा आणि मागच्या झरोक्यातली हवा, आधी इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना, आणि नंतर मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर दोन मिनिटे ठेवल्यानंतर. धडधाकट जुन्या गाडीत पुढची हवा ५० ते ६० अंशांच्या आसपास येते आणि मागची त्याहून थोडी कमी असते, कारण पाणी लांबून जाते. माझ्या गाडीत पुढे ३८ आणि मागे १९ अंश आले. पुढचा आकडाही इतका कमी असणे, हीच पहिली खरी माहिती होती. मागची तक्रार इतकी ठळक होती की पुढेही काही बिघडले असेल हे आम्हा कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

या चार आकड्यांवरून वाट ठरते. पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा कमी गरम असेल, तर इंजिन पुरेसे तापत नाही किंवा पाणी कमी आहे. पुढे चांगली गरम आणि मागेच गार असेल, तर लांब पाइप, त्यावरचा पाण्याचा वॉल (झडप) किंवा मागची कॉइल यांपैकी कुठे तरी पाणी अडते आहे. आयडलवर गार आणि फेऱ्या वाढवताच गरम होत असेल, तर पाणी कमी असणे, हवा अडकलेली असणे किंवा वॉटर बॉडीची, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाची पाती झिजलेली असणे यांचा विचार करावा.

पुढेही ऊब कमी असेल तर

रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच, म्हणजे शक्यतो सकाळी, उघडावे. गरम इंजिनात पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच ते उसळून चेहऱ्यावर येते. कितीही घाई असली तरी हा नियम मोडू नये. पाणी काठोकाठ आहे का, त्याचा रंग कोणता आहे आणि झाकणाचे रबर कडक होऊन चिरले आहे का, हे पाहावे. पाणी कमी असेल तर सर्वांत आधी मागचा हिटर गार पडतो, कारण तो सर्वांत दूर असतो.

यानंतर थर्मोस्टॅट, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘वॉल’ म्हणतात. आपल्या भागात हाच सर्वांत मोठा गुन्हेगार आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. थर्मोस्टॅटच्या आत मेणाची एक गोळी असते. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडचा मार्ग बंद ठेवतो, त्यामुळे इंजिन लवकर तापते आणि गरम पाणी हिटरकडे ढकलले जाते. त्यावर कोरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, मेण फुगू लागते आणि मार्ग उघडतो. उन्हाळ्यात गाडी तापली की “वॉल काढून टाका जी, मग गाडी गरमच होत नाही” असा सल्ला हमखास मिळतो आणि माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने तो ऐकला होता. थर्मोस्टॅट बसतो ते घर उघडले तेव्हा आत तो नव्हताच. त्याच्या जागी फक्त रबरी रिंग बसवलेली होती.

वॉल काढल्यावर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहते. थंडीच्या पहाटे महामार्गावर, समोरून गार वाऱ्याचा झोत असताना, इंजिन साठ अंशांच्या पुढे जातच नाही. मग हिटरला ऊब कुठून मिळणार? शिवाय रेडिएटरकडची वाट मोकळी असल्यामुळे लांबच्या, अरुंद पाइपांतून पाणी ढकलायला लागणारा दाबही उरत नाही. नुकसान एवढ्यावर थांबत नाही: थंड चालणारे डिझेल इंजिन तेल जास्त पिते आणि सिलिंडरची झीज वाढते. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटलाच खाली दुसरी चकती असते, जी इंजिन तापल्यावर बायपासची वाट बंद करते. तिथे वॉल काढला तर बायपास कायम उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरला वळसा घालून जाते आणि ज्या तापण्याच्या भीतीने वॉल काढला, ते भर उन्हाळ्यात उलट वाढू शकते.

थर्मोस्टॅट आहे की नाही, आणि असला तर उघडाच अडकला आहे का, हे न उघडताही कळते. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवावा. पंख्याच्या पट्ट्यापासून बाही आणि ओढणी दूर असावी. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकाएकी तापतो. होज इंजिनाबरोबर पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल नाही किंवा उघडा अडकला आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या तोंडाशी असतो; तिथे हीच परीक्षा खालच्या होजवर करावी. काढलेला थर्मोस्टॅट तपासायचा तर तो दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात टांगावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा आणि मंद आचेवर तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला तर तो चांगला आहे. बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला यावी, कारण हवा तिथूनच निघते.

उन्हाळ्यातला दुसरा उपाय म्हणजे रेडिएटरचा पंखा ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे तो सतत फिरत राहील असा जोडणे. चावी लावताच विजेचा पंखा फिरू लागत असेल, तर त्याचा स्विच आणि रिले दुरुस्त करून घ्यावेत. पट्ट्यावर चालणाऱ्या व्हिस्कस पंख्याचा क्लच जाम झाला असेल, तर थंड इंजिनातही तो विमानासारखा आवाज करतो.

पुढे गरम, मागे गार

आता गाडीखालच्या त्या दोन सारख्या पाइपांकडे या. गाडी उचलायची तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये. पक्के स्टँड लावावेत. इंजिन तापलेले, दोन्ही हिटर पूर्ण चालू. मागच्या कॉइलपाशी येणारा आणि जाणारा असे दोन्ही होज मोजावेत.

दोन्ही होज जवळपास सारखेच गरम असतील, पाच-दहा अंशांचाच फरक असेल, तर पाणी नीट फिरते आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. येणारा गरम आणि जाणारा वीस अंशांहून अधिक गार असेल, तर पाणी अतिशय हळू सरकते आहे. कॉइल अर्धवट तुंबली आहे, असे समजावे. दोन्ही गार असतील, तर पाणी पोहोचतच नाही. अशा वेळी हात मागून पुढे, इंजिनाकडे सरकवत न्यावा. जिथे गार पाइप गरम होतो, अडथळा तिथेच असतो. तो बहुधा पाण्याचा वॉल असतो. वर्षातले दहा महिने बंद राहिल्यामुळे तो क्षाराने जाम होतो, किंवा त्याची केबल क्लिपमधून निसटते आणि आतली कळ फिरते पण वॉल हलत नाही. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वॉलची बारीक रबरी नळी इंजिनाच्या उष्णतेने तडकलेली असते. एकाने कळ फिरवावी आणि दुसऱ्याने वॉलचा दांडा पूर्ण फिरतो का ते पाहावे.

माझ्या गाडीत हा पाण्याचा वॉल शाबूत होता. दोन्ही होज गार होते आणि परतीचा होज फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि आसनांमधल्या पत्र्याजवळ, एके ठिकाणी किंचित फुगलेला दिसत होता. क्लिप सैल करून तो काढला, तर आतून १२ च्या पान्याचा एक बोल्ट बाहेर आला: डोक्यासकट होजमध्ये ठोकलेला, आट्यांमध्ये तपकिरी गंज आणि भोवती मिठासारखा पांढरा क्षार. कोणीतरी मागचा हिटर जाणूनबुजून बंद केला होता. असा बोल्ट, किंवा इंजिनपाशीच दोन होज एकमेकांना जोडणारा यू आकाराचा तुकडा सापडला, तर आनंदाने लगेच जोडून टाकू नका. तो लावण्यामागे कारण असते आणि ते बहुधा गळती हेच असते. मागचा गालिचा ओलसर असणे, काचांवर आतून तेलकट धुके धरणे आणि आत गोडसर वास येणे या कॉइल गळत असल्याच्या खुणा आहेत. कॉइल बाहेर काढून एक तोंड बुच लावून बंद करावे, दुसऱ्याला सायकलच्या पंपाने एक बारपर्यंत, म्हणजे सुमारे १५ पीएसआय हवा द्यावी आणि ती पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे पाहावेत. गळणारी पितळी कॉइल रेडिएटरवाला डाग (सोल्डर) देऊन दुरुस्त करू शकतो. ॲल्युमिनियमची बदललेलीच बरी.

होज काढताना एक काळजी घ्यावी. वीस वर्षे चिकटलेला रबरी होज पक्कडीने पिळला, तर कॉइलची मऊ नळी त्याबरोबर मुरगळून तुटते. होज तसाही बदलायचाच असतो, म्हणून ब्लेडने तो लांबीत चिरून सालीसारखा सोलून काढावा.

तुंबलेली कॉइल धुणे

नागपूर आणि भोवतालच्या भागात रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचे पाणी ओततात. गिझरच्या कॉइलवर किंवा पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच हिटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आणि मागच्या कॉइलमध्ये पाण्याचा वेग सर्वांत कमी असल्यामुळे गाळही तिथेच आधी साचतो. धुताना नळाचा किंवा वॉशिंग सेंटरचा पूर्ण दाब लावू नये, जुनी कॉइल फुटते. मी बादली गाडीच्या टपावर ठेवतो आणि पारदर्शक नळीने तिचे पाणी कॉइलच्या परतीच्या तोंडातून उलट्या दिशेने सोडतो. एक लिटरचा मग भरायला किती सेकंद लागतात ते धुण्याआधी आणि धुतल्यानंतर मोजावे. माझ्याकडे आधी ५२ सेकंद लागत होते आणि पहिली दोन मिनिटे विटकरी रंगाचा चिखलच येत होता. तिसऱ्या धुण्यानंतर वेळ १५ सेकंदांवर आली.

साध्या पाण्याने भागले नाही तर बाजारात मिळणारे रेडिएटर फ्लश डब्यावरच्या सूचनेप्रमाणे वापरावे. फरशी किंवा शौचालय धुण्याचे ॲसिड कोणी कितीही सुचवले तरी वापरू नये. ते ॲल्युमिनियम आणि डाग दोन्ही खाऊन टाकते. निघालेले जुने कूलंट घमेल्यात धरून बंद कॅनमध्ये भरावे. त्यातले ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. नालीच्या कडेला सोडले तर गल्लीतली कुत्री आणि गाई ते चाटतात आणि मरतात. हे मी मनापासून सांगतो आहे.

हवेची बाजू

दोन्ही होज गरम असूनही मागे ऊब नसेल, तर हवा नीट वाहत नाही किंवा कॉइलमधून जातच नाही. आसनाखालच्या नळीच्या तोंडावर जाड रबरी मॅट, सतरंजी किंवा चपलांची पिशवी असणे, हे कारण मी निदान चार गाड्यांत पाहिले आहे. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळला आहे. सगळ्याच वेगांवर मंद असेल, तर इंजिन सुरू ठेवून मोटारीच्या तारांवर मल्टिमीटर लावावा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि मोटारीवर ११ असतील, तर मधला कनेक्टर किंवा अर्थिंग गंजले आहे. झरोक्यातून काळ्या स्पंजाचे कण उडत असतील, तर आतल्या झडपेचा स्पंज उन्हाने विरला आहे आणि गार हवा त्याच्या फटीतून गरम हवेत मिसळते आहे.

मागच्या दाराचे रबरही पाहावे. ते दबून चपटे झाले असेल तर नुसती थंडीच आत येत नाही, धावत्या गाडीच्या मागे जो पोकळ दाब तयार होतो त्यामुळे सायलेन्सरचा धूरही आत ओढला जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. मागे बसणाऱ्यांचे डोके दुखत असेल, तर हिटरच्या आधी हे रबर बदलावे.

पाणी भरणे आणि हवा काढणे

एवढे सगळे नीट करूनही शेवटी हवा अडकली, तर मागचा हिटर गारच राहतो. मागचे पाइप फरशीखालून जातात आणि कॉइलपाशी वर चढतात. त्या उंच कोपऱ्यात हवा धरून बसते. गाडीचे तोंड चढावर येईल अशी ती उभी करावी, दोन्ही हिटर पूर्ण गरमवर ठेवावेत म्हणजे पाण्याचे वॉल उघडे राहतील. ग्लायकॉलचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून सावकाश ओतावे. नागपुरात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे अनेक जण विचारतात. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावरच १०७ अंशांच्या आसपास असतो आणि गंज रोखणारी द्रव्ये त्यातच असतात. आपल्या उन्हाळ्याला दोन्ही हवेच आहेत.

झाकण न लावता इंजिन सुरू करून १२०० ते १५०० फेऱ्यांवर ठेवावे आणि चेहरा दूर ठेवून बुडबुडे पाहावेत. मागच्या कॉइलवर हवा काढायचा स्क्रू असेल, तर इंजिन तापण्याआधीच तो किंचित सैल करून अखंड धार येईपर्यंत थांबावे. नसेल तर मागचा होज हाताने दाबत-सोडत राहावे, आत गुडगुड ऐकू येते आणि तोंडाशी हवा निघते. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. ती भरून झाकण लावावे. बुडबुडे थांबतच नसतील, फेऱ्या वाढवल्यावर वाढत असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचे सील) फाटल्याचा संशय धरून गाडी मेकॅनिककडे न्यावी.

मग पुन्हा तीच वीस मिनिटांची फेरी आणि तेच चार आकडे. माझ्या गाडीत २००० फेऱ्यांवर पुढे ५७ आणि मागे ४९ अंश आले. त्यानंतर लागोपाठ तीन सकाळी थंड इंजिनावर राखीव बाटलीतली पातळी पाहून पेनाने खूण करावी. पहिल्या दिवशी थोडी उतरली तर ती उरलेल्या हवेची जागा आहे. तिसऱ्या दिवशीही उतरत असेल, तर मागच्या गालिच्याखाली हात घालून ओल तपासावी.